चीन तिप्पट, शेत मात्र भारताचे मोठे

भारत आणि चीन यांची तुलना सुरू झाली की पहिला आकडा येतो क्षेत्रफळाचा. चीन सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२ लाख ८७ हजार. म्हणजे चीन भारताच्या जवळजवळ तिप्पट. लोकसंख्येत दोघे बरोबरीचे, २०२३पासून भारत किंचित पुढे. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की चिनी माणसाच्या वाट्याला तिप्पट जमीन आहे, मग त्याचे पोट भरणार नाही तर काय?

शेतजमिनीचा हिशेब मांडला की हे गणित उलटते. चीनच्या तिसऱ्या राष्ट्रीय भूमी सर्वेक्षणात २०१९च्या अखेरीस शेतजमीन भरली १२ कोटी ७९ लाख हेक्टर. भारतात दरवर्षी प्रत्यक्ष पेरले जाणारे निव्वळ क्षेत्रच १४ कोटी हेक्टरच्या आसपास आहे. चालू पड धरली तर लागवडीखालची जमीन साडेपंधरा कोटींच्या आसपास जाते. माणशी वाटणी केली तर भारतीयाच्या वाट्याला येतात साधारण ११ गुंठे, चिनी माणसाच्या वाट्याला ९. देशाच्या एकूण भूमीपैकी जवळपास निम्मी नांगराखाली असणारे मोठे देश जगात फार नाहीत आणि भारत त्यांतला सर्वांत मोठा आहे. चीनमध्ये हे प्रमाण १३-१४ टक्के.

याचे कारण नकाशावरच दिसते. हू हुआनयोंग या चिनी भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली देशाच्या नकाशावर ईशान्येकडच्या आयहुईपासून (आजचे हेइहे) नैऋत्येकडच्या तेंगचोंगपर्यंत एक तिरकी रेघ ओढली. रेघेच्या आग्नेयेला ३६ टक्के भूमी आणि ९६ टक्के माणसे, वायव्येला उरलेली ६४ टक्के भूमी आणि जेमतेम ४ टक्के माणसे. पुढे सीमांचे हिशेब बदलले, लोकसंख्या तिप्पट झाली, शहरे वाढली, पण ही वाटणी फारशी हललेली नाही. रेघेपलीकडे तिबेटचे पठार, तक्लामाकान आणि गोबीची वाळवंटे, मंगोलियाकडचे गवताळ माळ. तिसऱ्या सर्वेक्षणातले शेत, फळबागा, जंगल, गवत, पाणथळ, वस्त्या, रस्ते आणि पाणी हे सगळे वर्ग एकत्र धरले, तरी चीनच्या क्षेत्रफळातले पंधरा-सोळा कोटी हेक्टर उरतातच. अर्ध्या भारताएवढा हा भाग प्रामुख्याने वाळू आणि खडकांचा आहे.

भारताला याच्या उलट देणगी मिळाली. सिंधू-गंगेचे गाळाचे मैदान, दख्खनची काळी जमीन, पूर्व किनाऱ्यावरचे त्रिभुज प्रदेश आणि वर्षभर पुरेशी ऊब. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते आणि ईशान्येच्या हेइलोंगजियांग प्रांतात वर्षाला एकच पीक निघते. भारतात पाणी असेल तर खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी तीन पिके निघू शकतात. म्हणून भारताचे एकूण पेरणी क्षेत्र, म्हणजे एकाच रानात दोनदा पेरले तर दोनदा मोजून, सुमारे २२ कोटी हेक्टर भरते, तर चीनचे सुमारे १७ कोटी.

मोजपट्टीच वेगळी

पुढे जाण्याआधी मोजणीविषयी बोलायला हवे, कारण या दोन देशांच्या तुलनेत चुका होतात त्या इथे. भारताच्या ३२.८७ कोटी हेक्टर क्षेत्रफळात पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यात असलेला जम्मू-काश्मीर व लडाखचा भागही धरलेला असतो. जमीनवापराची आकडेवारी मात्र उपलब्ध असते ३०.७ कोटी हेक्टरचीच. ही आकडेवारी तलाठ्याच्या दप्तरातून वर चढत जाते आणि तिचे नऊ प्रकार ठरलेले आहेत: वने, बिगरशेती वापर, नापीक, कायम कुरणे, झाडझाडोरा, लागवडीयोग्य पडीक, इतर पड, चालू पड आणि निव्वळ पेरणी.

महाराष्ट्रात या साखळीचे पहिले टोक म्हणजे सातबारा. त्यावर जिरायत, बागायत, पोटखराबा हे सगळे आर आणि हेक्टरमध्ये लिहिलेले असते. पण कित्येक वर्षे पीकपाहणी चावडीत बसून व्हायची आणि उताऱ्यावरचे पीक मागच्या वर्षीचेच राहायचे. शेतात कापूस, उताऱ्यावर ज्वारी हा प्रकार गावोगावी ठाऊक होता. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवरून पिकाचा फोटो आणि नोंद चढवतो.

चीनने हेच काम वरून खाली केले. तिसऱ्या सर्वेक्षणात सुमारे २ लाख १९ हजार माणसे लागली आणि उपग्रहचित्रांच्या आधारे देशाचे २९ कोटी ५० लाख तुकडे एकेक करून वर्गवारीत बसवले गेले. त्यातून सरकारलाच न आवडणारी गोष्ट बाहेर आली. २००९च्या सर्वेक्षणाशी तुलना करता दहा वर्षांत ७५ लाख हेक्टर शेतजमीन घटली होती. चीनमध्ये जमीन मू या एककात मोजतात. एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, पंधरा मूंचा एक हेक्टर. २००६मध्ये सरकारने १८० कोटी मूंची, म्हणजे १२ कोटी हेक्टरची लाल रेघ आखली होती आणि शेतजमीन तिच्याखाली जाऊ द्यायची नाही असे ठरवले होते. २०१९चा आकडा त्या रेघेच्या फार वर नव्हता.

कमी रानात जास्त धान्य

चीनने २०२४मध्ये ७० कोटी ६५ लाख टन धान्य पिकवले. भारताचे २०२३-२४चे अन्नधान्य उत्पादन ३३ कोटी २३ लाख टन. दुपटीहून जास्त फरक, तोही कमी जमिनीवर. हा आकडा भाषणांतून सर्रास फेकला जातो, पण तो जसाच्या तसा घेण्यासारखा नाही. चीन भात साळीसकट मोजतो, भारत मोजतो तो सडीक तांदूळ. चीनच्या धान्यात सोयाबीन येते आणि पाचास एक या हिशेबाने बटाटे-रताळीही येतात. भारत सोयाबीन तेलबियांत टाकतो आणि बटाटा भाज्यांत. भाताचा कोंडा-तूस वजा केला, सोयाबीन आणि कंद बाजूला काढले, तर चीनचा आकडा साठ कोटी टनांच्या खाली येतो आणि फरक पावणेदोन पटीच्या जवळ राहतो.

तरीही फरक मोठाच आहे. त्याचे मूळ हेक्टरी उत्पादनात सापडते. चीनमध्ये गहू हेक्टरी पावणेसहा टनांच्या पुढे जातो, भारतात साडेतीन टनांच्या आसपास थांबतो. मका तिकडे साडेसहा टन, इकडे साडेतीनलाही कमी. भाताचे चित्र आणखी बोलके आहे. २०२३मध्ये चीनने २ कोटी ८९ लाख हेक्टरांवर जो भात घेतला त्याचा तांदूळ होतो साडेचौदा कोटी टनांच्या आसपास. भारताला २०२३-२४मध्ये पावणेचौदा कोटी टन तांदळासाठी ४ कोटी ७८ लाख हेक्टर भातलावणी करावी लागली. तांदूळ जवळपास सारखाच, खाचरे मात्र जवळपास दोन कोटी हेक्टरांनी जास्त.

पाण्याखालची जमीन दोन्ही देशांत जवळपास सारखी आहे, सात-आठ कोटी हेक्टरांच्या दरम्यान. मग एवढा फरक का? सत्तरच्या दशकात युआन लाँगपिंग यांनी विकसित केलेले संकरित भाताचे बियाणे हे एक कारण. समशीतोष्ण पट्ट्यातला लांब दिवसांचा उन्हाळा हे दुसरे. तिसरे कारण खत. चीनचा रासायनिक खतांचा वापर २०१५मध्ये सहा कोटी टनांवर गेला होता. त्यानंतर वाढ थांबवण्याची मोहीम निघाली आणि वापर पाच कोटींच्या आसपास आला. भारत जास्त पेरणी क्षेत्रावर सुमारे तीन कोटी टन खत वापरतो. चौथे कारण संशोधन, रस्ते, कालवे यांवरची सलग सरकारी गुंतवणूक. आणि पाचवे, भारताच्या पेरणी क्षेत्राचा मोठा भाग जिरायत आहे. महाराष्ट्रात तर पाण्याखालचे क्षेत्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास घुटमळते. बाकी रान मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसते. जिरायत तूर आणि चीनच्या शानदोंग प्रांतातला बागायत गहू यांची हेक्टरी तुलना करून शेतकऱ्याला आळशी ठरवणे हा अन्याय आहे.

चीनने या उत्पादनाची किंमतही मोजली. २०१४मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी माती सर्वेक्षणात शेतजमिनीच्या १९.४ टक्के नमुन्यांत प्रदूषण मर्यादेपलीकडे आढळले. त्याच्या आदल्या वर्षी ग्वांगझौच्या बाजारात हुनान प्रांतातल्या तांदळात कॅडमियम सापडले होते आणि देशभर ओरड झाली होती. भारताचे दुखणे वेगळे आहे. इस्रोच्या नकाशासंचानुसार २०१८-१९मध्ये ९ कोटी ७८ लाख हेक्टर भूमी, म्हणजे देशाचा ३० टक्के भाग, धूप, क्षार, वनस्पतींचा ऱ्हास अशा कारणांनी खालावलेली होती. पंजाबात वर्षाकाठी जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. उत्तर चीनच्या मैदानातही भूजल असेच खाली गेले. तिथे यांगत्सेच्या खोऱ्यातले पाणी कालव्याने उत्तरेला नेण्याचा उपाय झाला आणि २०१४च्या अखेरीस ते बीजिंगला पोचले.

जंगलाचे दोन हिशेब

वनांच्या बाबतीतही शर्यत बरोबरीची दिसते. भारताच्या २०२३च्या वनस्थिती अहवालानुसार वनाच्छादन २१.७६ टक्के, वनाबाहेरची झाडे धरून २५.१७ टक्के. चीनचे प्रमाण २४ टक्क्यांच्या पुढे. पण भारतीय अहवालात एक हेक्टरहून मोठ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेल्या कोणत्याही झाडीला वनाच्छादन म्हणतात, मग मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. रत्नागिरीतली आंब्याची कलमे आणि सिंधुदुर्गातली काजूची बाग उपग्रहाच्या नजरेत जंगलच ठरते. चीनमध्ये छत्राची अट वीस टक्क्यांची आहे, पण तिथे विशिष्ट झुडपी रानेही हिशेबात येतात.

चीनची झाडी मोठ्या प्रमाणावर हाताने लावलेली आहे. १९७८मध्ये उत्तर सीमेवर वाळवंट रोखण्यासाठी हरितपट्ट्याची योजना सुरू झाली. १९९८मध्ये यांगत्सेला महापूर आला आणि पुढच्याच वर्षी डोंगरउतारावरची शेते सोडून तिथे झाडे आणि गवत लावणाऱ्या शेतकऱ्याला धान्य व पैसे देण्याची योजना आली. हबेई प्रांतातले साइहानबा हे या सगळ्याचे दाखवायचे ठिकाण. एकेकाळी राजघराण्याचे शिकारीचे रान, मग तोडीने उजाड झालेला वारा-वाळूचा माळ. १९६२मध्ये तिथे सरकारी वनकेंद्र आले, सुरुवातीच्या हंगामांत बहुतेक रोपे मेली, मग तिथल्याच थंडीत वाढवलेली रोपे टिकू लागली. आज तिथे ७५ हजार हेक्टरांहून जास्त लागवडीचे जंगल उभे आहे.

उपग्रहांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. २०००नंतर पृथ्वीवरची हिरवाई वाढवण्यात चीन आणि भारत आघाडीवर असल्याचे त्यात दिसले. चीनच्या वाढीत ४२ टक्के वाटा जंगलांचा आणि ३२ टक्के शेतीचा. भारताच्या वाढीत ८२ टक्के वाटा शेतीचा, जंगलांचा जेमतेम ४ टक्के. भारतातली वाढती हिरवाई ही मुख्यतः वाढलेल्या दुबार पिकाची आहे, जंगलाची नाही.

चीनमध्ये झाडे लावण्याचा उत्साह शेतीच्या मुळावरही आला. २००९ ते २०१९ या काळात घटलेल्या शेतजमिनीचा मोठा भाग जंगल आणि फळबागांकडे गेला होता. मग हुकूम उलटला. काही प्रांतांत लावलेली झाडे काढून पुन्हा धान्य पेरायला सांगितले गेले.

कुरणांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. चीनकडे २६ कोटी हेक्टर गवताळ जमीन आहे. भारतात कायम कुरणे एक कोटी हेक्टरांच्या आसपास आणि जनावरे २०१९च्या पशुगणनेप्रमाणे साडेत्रेपन्न कोटी. गायरानावर अतिक्रमण, धनगरांच्या वाटा बंद, म्हणून जनावरे जगतात ती कडब्यावर, पेंढ्यावर आणि बांधावरच्या गवतावर.

कोणाची जमीन, कोणाचा शब्द

आकड्यांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो मालकीचा. चीनमध्ये शहरी जमीन सरकारची आणि ग्रामीण जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. शेतकऱ्याला मिळतो तो कसण्याचा हक्क. १९७८च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी सामूहिक शेती गुपचूप वाटून घेण्याच्या करारावर अंगठे उठवले. पकडले गेले असते तर तुरुंग होता. पण पीक भरघोस आले आणि हीच पद्धत पुढे देशाचे धोरण झाली. करार आधी १५ वर्षांचे, मग ३० वर्षांचे झाले. सुमारे २० कोटी शेतकरी कुटुंबांत ही जमीन विभागली गेली, म्हणजे घरटी सरासरी दीड एकराच्या आसपास. भारतातला शेतकरी त्या मानाने सधन म्हणायचा: २०१५-१६च्या कृषी गणनेत सरासरी वहिती १.०८ हेक्टर, महाराष्ट्रात १.३४. मात्र १९७०-७१मध्ये महाराष्ट्रातली सरासरी ४.२८ हेक्टर होती. दोन-तीन पिढ्यांच्या वाटण्यांत ती तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि १९४७चा तुकडेबंदीचा कायदा ते रोखू शकला नाही.

छोट्या तुकड्यांवर चीनने तोडगा काढला तो भाडेपट्ट्याचा. २०१४पासून मालकी, कसण्याचा करार आणि प्रत्यक्ष वहिवाट असे तीन हक्क वेगळे केले गेले. शहरात गेलेले कुटुंब जमीन शेजाऱ्याला किंवा सहकारी संस्थेला उघडपणे कसायला देते आणि हक्कही राखते. करारावरची एक तृतीयांशाहून जास्त जमीन अशी फिरते. महाराष्ट्रात पुण्या-मुंबईला स्थायिक झालेला जमीनमालक शेत कागदावर कोणाला द्यायला कचरतो, कारण कूळ लागेल ही १९४८च्या कुळकायद्यापासूनची धास्ती गेलेली नाही. शेत मग तोंडी खंडाने किंवा अर्धेलीने जाते, नाहीतर पडीक राहते. तोंडी व्यवहारात कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, नुकसानभरपाई मिळते ती सातबाऱ्यावरच्या मालकाला. नीती आयोगाने २०१६मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार केला. तो स्वीकारण्याची घाई बहुतेक राज्यांनी केली नाही.

मालकीतला हा फरक शहरांच्या सीमेवर सर्वांत ठळक होतो. १९८०मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले तेव्हा शेनचेन हा मासेमारी आणि शेतीचा सीमाभाग होता; २०२०च्या जनगणनेत तिथे पावणेदोन कोटी माणसे मोजली गेली. चीनची स्थानिक सरकारे शेतकऱ्यांकडून जमीन घेतात, तिचा वापर बदलतात आणि घरांसाठी ७०, उद्योगांसाठी ५० वर्षांच्या पट्ट्याने विकतात. या विक्रीतून २०२१मध्ये ८.७ लाख कोटी युआन मिळाले. पुढच्याच वर्षी घरबांधणीचा फुगा बसला आणि ही कमाई कोसळू लागली. कारखाने आणि वस्त्या आल्या त्या यांगत्से आणि पर्ल नदीच्या सुपीक त्रिभुज प्रदेशांत. घेतलेल्या शेताच्या बदल्यात तेवढेच शेत दुसरीकडे तयार करण्याची अट होती, पण ते बरेचदा डोंगरउतारावर, शिंजियांगच्या रेताडात किंवा ईशान्येच्या पाणथळीत निघाले. पूर्वी दक्षिणेचे धान्य उत्तरेला जात असे, आता उत्तर दक्षिणेला पोसते. एकटा हेइलोंगजियांग प्रांत देशाच्या धान्याचा जवळपास नववा हिस्सा देतो.

भारतात जमीन हा राज्यांचा विषय आणि मालकी खासगी. २००५मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला आणि सप्टेंबर २००८मध्ये रायगडच्या पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत अशा क्षेत्राच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे मत नोंदवून घेतले गेले. तो प्रकल्प ठरल्याप्रमाणे उभा राहिला नाही. २०१४पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने भरपाई वाढवली आणि खासगी प्रकल्पांसाठी बाधितांपैकी ८० टक्के लोकांची संमती बंधनकारक केली. गुंतवणूकदार म्हणतात, भारतात जमीन मिळत नाही. पेणच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर भारतात जमीन जात नाही, निदान विचारल्याशिवाय जात नाही.

समुद्रापलीकडची जमीन

दोन्ही देश स्वतःच्या जमिनीवर पूर्णपणे जगत नाहीत. चीन वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आयात करतो, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेतून, डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि तेलासाठी. एवढे सोयाबीन पिकवायला ब्राझीलच्या उताऱ्याने सुमारे तीन कोटी हेक्टर लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र. भारत वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल आणतो आणि त्याच वेळी तांदूळ निर्यात करतो. तेलासाठी इंडोनेशिया-मलेशियाची जमीन वापरायची आणि तांदळातून पंजाबचे पाणी बाहेर पाठवायचे, हा सौदा फायद्याचा म्हणता येत नाही.

एकूण आढाव्यातून निघणारा निष्कर्ष भारतीय वाचकाला बोचणारा आहे. जमिनीच्या बाबतीत गरीब देश चीन आहे, भारत नव्हे. भारताचे निव्वळ पेरणी क्षेत्र १९७०पासून १४ कोटी हेक्टरांवरच उभे आहे आणि ते आता वाढणार नाही. बिगरशेती वापराखालची जमीन मात्र १९५०-५१च्या ९४ लाख हेक्टरांवरून पावणेतीन कोटींच्या घरात गेली आहे. वाढीला वाव उरतो तो आहे त्या रानात. चालू आणि जुनी पड मिळून सुमारे अडीच कोटी हेक्टर दरवर्षी पेरली जात नाही. त्यातली सगळी काही कसण्याजोगी नाही, पण बरीचशी पाण्याअभावी आणि कूळ लागण्याच्या भीतीने पडून आहे. चीनसारखी हुकमी जमीनव्यवस्था भारताला आणता येणार नाही आणि आणूही नये. मालकाचा हक्क शाबूत ठेवून कसणाऱ्याला लेखी पट्टा देणारा कायदा मात्र महाराष्ट्राला करता येईल, आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.